न पडलेल्या बर्फाचा वार्ताहर

चारुदत्त हंचाटे हा सोलापूरचा माणूस न्यूझीलंडमध्ये बर्फाचा रिपोर्ट लिहायचा, असं मी लोकांना सांगतो तेव्हा ते आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करायचा?"

नक्की हे करायचा. पहाटे उठून स्की फील्डच्या गाडीतून डोंगरावर जायचा. बर्फात रोवलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या काठीवर बर्फ कुठवर आलाय ते बघायचा. बुटाने दोन-चार लाथा घालून तो मऊ आहे की कडक ते ठरवायचा. थोडा वेळ वारा तोंडावर घ्यायचा. मग खाली ऑफिसात येऊन, हीटरला पाठ लावून, दहा-बारा ओळी लिहायचा. त्या ओळी वेबसाइटवर पडल्या की वेलिंग्टनपासून हॅमिल्टनपर्यंत घराघरांत चहा पिता पिता ठरायचं, की आज गाडीच्या टपावर स्की बांधायच्या की पोरांना सिनेमाला न्यायचं.

आता सोलापूर म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी जिथे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करतं, असं गाव. तिथे वाढलेल्या चारुदत्तचा बर्फाशी संबंध लग्नात थंड पेयांच्या टबात टाकलेल्या लादीपुरता. पण त्याच्या नोकरीचा खरा अभिमान कोणाला असेल तर तो सोलापुरातच होता. त्याचे गणेशकाका जूनच्या सुरुवातीला, पाऊस लांबलेला असताना, कूलरसमोर बनियनवर बसून पुतण्याचा रिपोर्ट मोबाइलवर उघडायचे आणि आलेल्यागेलेल्याला मराठी करून सांगायचे. "आज चारूकडे उणे चार. वारा दक्षिणेकडून." ऐकणारे "वा" म्हणायचे आणि मानेवरचा घाम पुसायचे. गणेशकाकांचं म्हणणं, कूलरपेक्षा याने जास्त बरं वाटतं.

त्या डोंगराचं आणि स्की फील्डचं नाव मी सांगणार नाही. उत्तर बेटाच्या मध्यावर कुठेतरी आहे, एवढं पुरे. मालकीण नोलीनबाई अजून त्याच गावात राहतात आणि मला त्यांच्याकडे अजून चहाला जायचं असतं. फील्ड लहानसं. खालची एक लिफ्ट, म्हणजे तारेवरून माणसांना उतारावर वर नेणारी खुर्च्यांची रांग, ती शिकाऊ मंडळींसाठी. वरची एक, ती खऱ्या स्कीवाल्यांसाठी. आणि मध्ये एक कॅफे, ज्याचं छप्पर वाऱ्यात गुणगुणायचं. नोलीनबाईंच्या नवऱ्याने मित्रांना जमवून, जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर पहिली दोरी फिरवून हे सगळं उभं केलं होतं. तो गेल्यावर बाईंनी चालवलं. बाई सत्तरीच्या पुढच्या. कडाक्याच्या थंडीतही अर्धी चड्डी आणि गमबूट. त्यांना थंडी वाजलेली मी एकदाही पाहिली नाही. आपण स्वेटरवर स्वेटर घालून शेजारी उभे राहिलो की आपल्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

चारुदत्त या देशात आला तो हॉटेल मॅनेजमेंटचा विद्यार्थी म्हणून. राहायचा वेलिंग्टनजवळ पोरिरुआत, आशालताकाकूंच्या घराच्या खालच्या खोलीत. काकू म्हणजे आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या न निवडलेल्या आणि म्हणूनच कधी न बदलणाऱ्या अध्यक्ष. पहिल्या हिवाळ्यात हा सुट्टीपुरता त्या फील्डच्या कॅफेत भांडी घासायला गेला. तिथे रिपोर्ट लिहिणारा जो कॅनडाचा मुलगा होता, त्याने तंगडी मोडून घेतली. नोलीनबाई पहाटे कामगारांच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, जो जागा असेल त्याने चला. जागा एकच होता. त्याला थंडीने झोपच लागली नव्हती.

तर असा तो वार्ताहर झाला. पहिला रिपोर्ट त्याने सोलापूरच्या शाळेत अर्ज लिहायला शिकवतात त्या इंग्रजीत लिहिला. मराठीत सांगायचं तर साधारण असा: 'सर्व स्कीप्रेमींस सविनय कळविण्यात येते की कॅफेजवळ बर्फ नाही. वर आहे. परंतु तिसऱ्या खांबाजवळ बर्फाखाली मोठा दगड आहे, तरी कृपया डावीकडून यावे. चहा चांगला आहे.' नोलीनबाईंनी वाचून कपाळाला हात लावला. पण त्या दिवशी येईल तो माणूस डावीकडून आला आणि चहा मागू लागला. तेव्हा बाईंनी हात कपाळावरून काढला आणि त्याला कायम केलं. चारुदत्त म्हणायला जीभ वळेना म्हणून त्याचा चार्लीही त्याच दिवशी झाला.

या धंद्याची म्हणून एक भाषा असते. बर्फ गोठून काच झाला असेल तर लिहायचं, 'घट्ट आणि वेगवान'. वितळून गाळ झाला असेल तर, 'वसंताची मजा'. दगड दिसत असतील तर, 'मोसमाची सुरुवात'. आणि डोंगरावर काय चाललंय ते लिहिणाऱ्यालाच कळत नसेल तर, 'विविध'. लग्न जमवणारी मंडळी 'मुलगा शांत आहे' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. चारुदत्तला ही भाषा आलीच नाही. तो लिहायचा, 'आज काच आहे. कंबर जपा.' लोकांना सवयच झाली. चार्ली म्हणतो रेनकोट आणा, म्हणजे रेनकोट आणायचा.

स्वतः तो स्कीवर कसा दिसायचा तेही सांगतो, कारण माझं त्याच्यावर प्रेम आहे. ताठ. लुनावर बसून किराणा आणायला निघालेला माणूस जसा ताठ असतो, तसा. एवढ्या वर्षांत तो पडायचा कमी झाला, पण वाकायला शिकला नाही. त्याची मुलगी जुई मात्र तिथेच जन्मलेली. ती चालायच्या आधी घसरायला शिकली. ती बापाच्या अंगावरून सुळकन जायची आणि ओरडायची, "बेंड युअर नीज, बाबा."

आता आमच्या मंडळाबद्दल.

दर हिवाळी सुट्टीत पोरिरुआहून आमची एक बस बर्फ बघायला जायची. तारीख ठरवण्याआधी आशालताकाकू चारुदत्तला फोन करायच्या. हे संभाषण मी त्यांच्या स्वयंपाकघरात, पोहे खाता खाता, स्पीकरवर कितीतरी वेळा ऐकलंय.

"चारू, ते वेबसाइटवरचं वाचलं हं. आता खरं सांग."

"काकू, ते मीच लिहिलंय."

"हो रे बाबा, ते सगळ्यांसाठी. आपल्यासाठी काय?"

"आपल्यासाठीपण तेच."

"बरं. शेजारी कोणी आहे वाटतं. नंतर करते."

यात काकूंचा दोष नाही. आम्ही सगळे ज्या देशातून आलो तिथे गॅसचं सिलेंडर असो, कॉलेजचा प्रवेश असो की गाडीचं रिझर्व्हेशन, एक उत्तर खिडकीवर मिळायचं आणि एक खिडकीच्या मागे. मागचं खरं. इथे येऊन आम्ही नागरिकत्व घेतलं, जँडल्स, म्हणजे सपाता, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायला लागलो, झकासऐवजी ऊठसूट 'स्वीट अ‍ॅज' म्हणायला लागलो. पण खिडकीच्या मागे काहीतरी असतं हा विश्वास काही गेला नाही. आणि खिडकीच्या मागे तर चक्क आपला चारू बसलेला. त्यातून एका वर्षी चारुदत्तने 'येऊ नका' लिहिलं असताना आम्ही गेलो, आणि नेमका रात्रीत गुडघाभर बर्फ पडला. तेव्हापासून मंडळात पक्कं झालं: चारू गर्दी टाळायला कमी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र कमी सांगण्याइतकंही काही नव्हतं.

जून, म्हणजे इथल्या हिवाळ्याचा पहिला महिना, कोरडा गेला. जुलै उजाडला तो पावसात, तोही कोमट. फील्डवर बर्फ फवारायच्या दोन तोफा होत्या, पण त्यांना हवा थंड लागते. त्या बिचाऱ्या आकाशाकडे तोंड करून नुसत्या उभ्या. मे महिन्याच्या शेवटी एकदाच तीन रात्री कडक थंडी पडली होती, तेव्हा त्यांनी जेवढा बर्फ केला तेवढा एका ढिगाऱ्यात लोटून, त्यावर पांढरं जाड कापड घालून ठेवला होता. वरची लिफ्ट सुरू झालीच तर तिच्या पायथ्याशी उतरायच्या जागेवर पसरायला. चारुदत्त रोज पहाटे त्या ढिगाऱ्यापाशी जायचा, कापडाचा कोपरा उचलून बघायचा आणि परत झाकायचा. अतिदक्षता विभागातल्या पेशंटचं पांघरूण सारखं करावं तसं.

त्याच्या आधीचे दोन हिवाळेही असेच गेले होते. नोलीनबाईंनी एके दिवशी सगळ्यांना कॅफेत बसवून सरळ सांगितलं. पुढच्या वर्षी एकटीने चालवणं आपल्याच्याने होणार नाही. टौरंगाचा एक किवीफळांचा बागायतदार अर्धी भागीदारी घ्यायला तयार आहे. त्याला कागद नकोत. त्याचं म्हणणं एवढंच, की सुट्टीतल्या शेवटच्या शनिवारी मी येतो, वरची लिफ्ट चालताना आणि तिच्यावर माणसं बसलेली मला दाखवा.

"आणि नाही चालली तर?" चारुदत्तने विचारलं.

"तर मी म्हातारी झाले असं समजायचं," बाई म्हणाल्या, आणि कपबशा गोळा करायला लागल्या.

गावात घरं जेमतेम. एक शाळा, एक पंप, एक वृद्धाश्रम. चारुदत्तची बायको स्वानंदी त्या वृद्धाश्रमात कामाला. स्वानंदी पुण्याची, त्यामुळे सोलापूरच्या माणसाने बर्फ मोजावा यात विनोद काय आहे ते तिला लग्नापासून माहीत होतं. दोघांनी तिथे घर घेतलं, जुईला शाळेत घातलं, शेंगाचटणी कुटायला दगडी खलबत्ता आणला. फील्ड बंद झालं तर त्या गावात चारुदत्तला करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्यामुळे त्या आठवड्यात त्याच्या घरात एकच विषय: शनिवार.

चारुदत्त तीन ठिकाणचे अंदाज बघायचा. एक युरोपचा, एक अमेरिकेचा, एक इथला. पत्रिका तीन ज्योतिषांना दाखवतात तसं. सगळा खेळ एका अदृश्य रेघेचा. हवेत एका उंचीवर थंडीची रेघ असते. तिच्या वर पडेल तो बर्फ, तिच्या खाली पडेल तो पाऊस. शनिवारी दक्षिणेकडून वादळ येणार यावर तिघांचं एकमत होतं. ती रेघ वरच्या लिफ्टच्या पायथ्यापर्यंत उतरणार का, एवढाच प्रश्न.

"तुझा युरोपियन काय म्हणतो आज?" स्वानंदी पोळ्या लाटता लाटता विचारायची.

"उतरेल म्हणतो."

"आणि अमेरिकन?"

"तो वरच अडकेल म्हणतो."

"मग सोड ना त्याला. युरोपियन चांगल्या घरातला दिसतो."

"इथल्याचं म्हणणं वारा फार असेल."

"इथल्याला विचारलं कोणी?"

जुई ताटावरून म्हणायची, "इट्स जस्ट वेदर, बाबा." आणि मग कोणी बघत नसताना खिडकीपाशी जाऊन बाहेरचा थर्मामीटर बघायची.

बुधवारी युरोपियनही डळमळला. गुरुवारी त्याने रेघ उचलून अमेरिकनाच्या शेजारी नेऊन ठेवली. शुक्रवारी सकाळी तिघंही एका सुरात पाऊस म्हणत होते, फक्त डोंगराच्या अगदी माथ्यावर बर्फ, आणि वारा असा की खुर्च्या बांधून ठेवाव्या लागतील.

चारुदत्त शनिवारचा रिपोर्ट लिहायला बसला तेव्हा नोलीनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी येत नसत.

"काय लिहितोयस, चार्ली?"

"पाऊस."

बाईंनी वाकून पडद्यावरची ओळ वाचली. "एखादं 'कदाचित' बसेल का त्यात?"

चारुदत्तने 'कदाचित' लिहिलं. वाचून बघितलं. त्याला ती कुटुंबं माहीत होती. अंधारात निघतात, चार-चार तास गाडी चालवतात, पोरं मागच्या सीटवर घरापासूनच बूट घालून बसलेली असतात. 'कदाचित' असलं की ती सगळी आली असती. आणि बागायतदाराला भरलेलं कार पार्क दिसलं असतं, हेही त्याला कळत होतं.

त्याने 'कदाचित' पुसलं. लिहिलं, 'उद्या पाऊस. माथ्यावर बर्फ पडेल, पण वाऱ्यामुळे वरची लिफ्ट चालेल असं वाटत नाही. मुलांना आणू नका.' आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर एक थाप मारली आणि कॉफीचं मशीन घासायला गेल्या. ते सकाळीच घासलेलं होतं.

संध्याकाळी काकूंचा फोन.

"चारू, 'मुलांना आणू नका' असं लिहिलंयस."

"हो काकू."

"एवढं तू कधी लिहीत नाहीस."

"एवढं वाईट कधी नव्हतं."

"स्वानंदी म्हणाली उद्या टौरंगाचे कोणी बडे पाहुणे येणारेत."

"येणारेत. पण त्याचा…"

"आलं लक्षात. काही बोलू नकोस. आम्ही एका बाजूला उभे राहू, कोणाच्या मध्ये येणार नाही."

"काकू, हात जोडतो. खरंच येऊ नका."

"वेडा आहेस. आम्ही काय परके आहोत?" असं म्हणून काकूंनी फोन ठेवला आणि आम्हा सगळ्यांना कळवलं की बर्फ आहे, हीप्स म्हणजे ढिगाने आहे, फक्त पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय, चारूने शब्दांत सांगितलं नाही पण आवाजावरून कळलं.

शनिवारी पहाटे पोरिरुआहून बस निघाली. मीही होतो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दोन थर्मास चहा, अंताक्षरी. वाटेत पाऊस लागला तो वाढतच गेला, प्रत्येक वळणावर कोणीतरी म्हणायचं, "वर गेलं की याचाच बर्फ होतो." शास्त्र म्हणून ते बरोबरही होतं.

कार पार्कात आमची बस, कामगारांच्या दोन गाड्या आणि चिखल उडालेली एक ट्रकछाप गाडी. बस. न्यूझीलंडच्या सगळ्या जनतेने चार्लीवर विश्वास ठेवला होता. फक्त त्याची स्वतःची माणसं आली होती. नारिंगी रेनकोटातला चारुदत्त त्या रिकाम्या मैदानात आमच्या एका बसला हात करून जागा दाखवत होता.

काकू छत्री उघडून उतरल्या. समोर काळा दगड, पिवळं गवत, त्यावरून वाहणारं पाणी. त्यांनी सावकाश चारी बाजूंना बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "कुठे ठेवलायस?"

 चारुदत्तने लिफ्टच्या पायथ्याकडे, पांढऱ्या कापडाकडे बोट केलं. कॅफेच्या दारात नोलीनबाई आणि टौरंगाचा बागायतदार उभे होते. उंच, गप्प माणूस, हातात कॉफी. बसमधून आमची पोरं उतरत होती. हातमोजे, टोप्या, दुकानातून नवीन आणलेल्या प्लास्टिकच्या घसरपाट्या.

नोलीनबाईंनी पोरांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चार्ली, काढ ते कापड."

"पण लिफ्ट चालली तर खाली पसरायला…"

"चार्ली."

त्याने कापड काढलं. खालचा बर्फ करडा पडला होता, धुतलेल्या मिठाच्या गोणीसारखा. पोरं तुटून पडली. त्यांच्यामागून त्यांचे आईबाप. फोटो निघाले. ज्याला त्याला ढिगाऱ्याच्या माथ्यावर उभं राहून, आजूबाजूचं गवत येणार नाही असा फोटो हवा होता. एकदा मंडळातल्या चौघांनी मिळून गवत दिसू नये म्हणून छत्र्या आडव्या धरल्या.

आणि मग काकूंनी पिशवीतून काळ्या खट्ट्याची बाटली काढली. स्टीलचे पेले काढले, लाकडी काड्यांचं पुडकं काढलं. डोंगरावरच्या ताज्या बर्फाचा गोळा करायचा, हा त्यांचा बऱ्याच वर्षांपासूनचा बेत होता म्हणे.

"काकू, वरचा थर खरवडून टाका," चारुदत्त म्हणाला. "त्यावर मशीनचं डिझेल उडालेलं असतं." एवढं बोलून तो स्वतःच गुडघ्यावर बसला आणि आतला स्वच्छ बर्फ काढून द्यायला लागला. दीड महिना ज्याचं पांघरूण सारखं केलं, तो बर्फ तो मुठीमुठीने पेल्यांत घालत होता.

काकूंनी पहिला गोळा नोलीनबाईंना दिला, दुसरा बागायतदाराला. त्याने आधी चारी बाजूंनी बघितला. मग चोखला. मग आणखी चोखला. त्याचे ओठ जांभळे झाले. "हे काय आहे?" त्याने विचारलं. काकूंनी त्याला जांभूळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं, काळं मीठ का लागतं तेही सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. फळवाला माणूस. त्या दिवशी डोंगरावर त्याला खरा रस वाटला तो या एकाच गोष्टीत.

तेवढ्यात ढग फाटला.

वर, लिफ्टच्या शेवटच्या खांबांपाशी, सगळं पांढरं होतं. नुकतं पडलेलं, कोणी पाऊल न टाकलेलं. उन्हाची एक तिरीप त्यावरून सरकत गेली. आम्ही सगळे गोळे चोखायचे थांबलो. पोरंसुद्धा.

"बघ," काकू हळूच म्हणाल्या. "होता की नाही."

चारुदत्तने लिफ्टवाल्या हेमीकडे बघितलं. हेमी गावातला जुना माणूस, नोलीनबाईंच्या नवऱ्याबरोबर दोरी ओढलेला. तो वरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होता. खुर्च्या वाऱ्याने आडव्या होऊन खांबांवर आपटत होत्या. आवाज खालपर्यंत येत होता. हेमीने मान हलवली. चारुदत्तने परत बघितलं. हेमीने परत हलवली.

"हा बर्फ इथपर्यंत कधी येतो?" बागायतदाराने विचारलं. अगदी सभ्यपणे विचारलं.

"यायचा," नोलीनबाई म्हणाल्या.

ढग परत मिटला. बागायतदार आणखी थोडा वेळ थांबला. त्याने दोन्ही लिफ्टची इंजिनं बघितली, कॅफेच्या छताकडे बघितलं, चारुदत्तशी हात मिळवला आणि म्हणाला, "कालचा रिपोर्ट तूच लिहिलास ना? अगदी जसाच्या तसा निघाला." चारुदत्तने थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन करतो असं सांगून तो माणूस गेला. ढिगारा तोवर संपला होता. त्या जागी जांभळट पाणी आणि काड्या. काड्या आम्ही वेचल्या. आमचं मंडळ त्या बाबतीत चोख आहे.

परतीच्या बसमध्ये अंताक्षरी झाली नाही. काकू बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तो सारखं सांगत होता गं, येऊ नका." कोणाला म्हणाल्या कळलं नाही, शेजारी मीच होतो.

बागायतदाराचा फोन सोमवारी आला. नाही म्हणाला. वाईट वाटलं म्हणाला, आणि खोटं म्हणाला नसावा. नोलीनबाईंनी मोसम संपायची वाट बघितली नाही. खुर्च्या तारेवरून उतरवल्या, आणि लोकांनी त्या आपापल्या बागेत टांगायला नेल्या. तोफा दक्षिण बेटावर गेल्या. कॅफेचं सामान गेलं. वेबसाइट चालू होती तोवर चारुदत्त रोज डोंगरावर जाऊन रिपोर्ट लिहीत राहिला. लिफ्ट नाही, कोणी येणार नाही, तरी. गणेशकाकांचा सोलापूरहून फोन आला, "चारू, आज रिपोर्ट उघडत नाहीये." तेव्हा त्याला कळलं की वेबसाइटही गेली.

घर विकायला काढलं, पण ज्या गावातलं स्की फील्ड बंद झालंय तिथलं घर बघायला कोण येणार? स्वानंदीची वृद्धाश्रमातली नोकरी होती, म्हणून ती आणि जुई तिथेच राहिल्या. नोकरी शोधत शोधत चारुदत्त ऑकलंडला पोचला. ईस्ट टामाकीत, गोठवलेल्या मालाच्या एका गोदामात. वटाणे, मासे, बटाट्याच्या सळ्या. मुलाखतीत त्यांनी विचारलं, थंडीत काम करायचा अनुभव आहे का? तो म्हणाला, आहे. त्याला लगेच घेतलं.

जानेवारीत कामानिमित्त ऑकलंडला गेलो तेव्हा दुपारी त्याला भेटलो. गोदामाबाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. जेवायच्या सुट्टीत आतली माणसं जाड जाकिटं घालून बाहेर येत होती आणि भिंतीला पाठ लावून उन्हात बसत होती. चारुदत्त त्यांच्यात. डबा तोच, पोळी आणि शेंगाचटणी. अर्धी पोळी त्याने मला दिली.

"कसं आहे आत?"

"उणे अठरा."

"आणि उद्या?"

"उणे अठरा." तो हसला. "इथे कोणी काही विचारत नाही. काठी नाही, वारा नाही. मशीन स्वतःच तापमान लिहितं. मी फक्त खोकी हलवतो."

"घरी कधी जातोस?"

"दोन शनिवारांआड. जाईपर्यंत रात्र होते. रविवारी जुईला शाळेचं काही असतं. ती आता मोठी झाली, बरोबर फिरायला कंटाळते." मग म्हणाला, "नोलीनबाई फार थकल्यात. परवा भेटलो तर अंगात स्वेटर होता."

 आम्ही जेवत राहिलो.

तेवढ्यात जुईचा फोन आला. त्याने स्पीकरवर लावला, हाताला चटणी होती म्हणून. शाळेत जुन्या वस्तूंचा बाजार भरणार होता. तिच्या स्की आणि बूट तिला लहान झाले होते. दर वर्षी लहान झाले की बाबा मोठे आणायचा.

"डू वी नीड देम फॉर एनीथिंग, बाबा? ऑर शुड आय जस्ट गिव्ह देम?"

चारुदत्तने वर बघितलं. ऑकलंडचं आकाश, निळं, कोरं.

"दे," तो म्हणाला. "बूटपण दे. आणि हेल्मेट आहे ना, तेही."

"अँड यूअर्स?"

आतून भोंगा वाजला. भिंतीपाशी बसलेली माणसं एकेक करून उठायला लागली, जाकिटांच्या चेन वर ओढायला लागली.

"माझ्या कोण घेणार गं," चारुदत्त म्हणाला. "बघ, कोणी घेतल्या तर." आणि डबा बंद करून तो उभा राहिला, मला खांद्याने दाराकडे खूण केली, टोपी कानांवर ओढली आणि आत गेला.